पुणे ते आलप्पुळा: हॅम्बुर्गच्या पाहुण्यांसोबत नेहरू ट्रॉफीला

मुळाकाठ (धागालेखिका)

गेल्या शनिवारी, २८ सप्टेंबर २०२४ ला, केरळातल्या आलप्पुळ्याच्या पुन्नमडा तलावावर नेहरू ट्रॉफीची, म्हणजे सर्पनौकांची, शर्यत पाहिली. परवा रात्री पुण्यात परतलो. गाडी अजून धुतलेली नाही, आणि हे लिहून काढल्याशिवाय दुसरं काही सुचत नाहीये. निघण्याआधी इथल्याच दोन-तीन जणांनी रस्त्याची माहिती दिली होती, ती फार कामी आली. त्यामुळे वृत्तांत देणं लागतेच.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, आमच्या कंपनीत जूनपासून चार महिन्यांसाठी आलेला जर्मन सहकारी आणि त्याची बायको. नावं देत नाही. आमच्या घरी त्यांना हॅम्बुर्गकर आणि हॅम्बुर्गकरीणबाई म्हणतात, आणि सासूबाईंनी तशी हाक मारली की दोघंही ओ देतात.

हॅम्बुर्गकर कॉलेजात असताना आठ जणांच्या बोटीत वल्हवायचा. पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी तो संगमाजवळ सीओईपी ह्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब बघून आला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला चुंडन वळ्ळंचा, म्हणजे केरळातल्या त्या लांबलचक सर्पनौकेचा, एक व्हिडिओ दाखवला. त्याने तो तीनदा बघितला. "माणसं किती?" म्हटलं, शंभराच्या घरात. "आणि ही बोट कोणाची?" ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. सरकारची असेल, क्लबची असेल, असं काहीतरी बोलले. तो प्रश्न डोक्यात राहिला आणि तिथूनच जायचं ठरलं.

शर्यत आधी १० ऑगस्टला होती. ३० जुलैला वायनाडमध्ये दरड कोसळली, शेकडो माणसं गेली, आणि शर्यत पुढे ढकलली. मग २८ सप्टेंबर ठरली. विमानाने कोची दोन तासांत येतं, पण पाहुण्यांना किनारा बघायचा होता आणि आम्हा दोघांना गाडी चालवायची हौस. म्हणून बुधवारी पहाटे ५ ला चिंचवड सोडलं.

पहिला दिवस कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, यल्लापूर आणि अंकोला. कराडच्या पुढेमागे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे बराच वेळ गेला. हुबळीनंतर मात्र जीव सुखावला. अरबैल घाटात संध्याकाळी धुकं उतरलं होतं आणि दोन्ही बाजूंचं जंगल अजून पावसाळ्यातलंच होतं.

अंकोल्यात खोली शोधताना अडचण आली. पहिल्या लॉजवर पासपोर्ट बघताच "फॉरेनर नको" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणीही तेच. अपमान वगैरे काही नाही, परदेशी पाहुण्यांची माहिती ऑनलाइन द्यायला लागते ती नोंदणीच त्यांच्याकडे नव्हती. रात्रीचे साडेनऊ, चौघंही दमलेले. तिसऱ्या ठिकाणच्या मालकांनी स्वतः संगणकावर बसून सगळी माहिती भरली, पासपोर्टच्या प्रती काढल्या आणि वर गरम सोलकढी पाठवली. परदेशी पाहुण्यांबरोबर रस्त्याने जाणार असाल तर मुक्काम आधी फोन करून पक्के करा. "परदेशी पाहुण्यांचा फॉर्म ऑनलाइन भरता का?" एवढा एकच प्रश्न विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकोल्याहून निघालो आणि थोड्याच वेळात शिरूर लागलं. इथेच १६ जुलैला डोंगर महामार्गावर आला होता. कोळीकोडचा एक लॉरीचालक लाकूड भरलेल्या लॉरीसकट गंगावळी नदीत गेला होता आणि ७१ दिवसांनी, आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी, ती लॉरी नदीतून वर काढली होती. रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आम्हीही गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. डोंगराची ती लाल जखम अजून तशीच आहे. पुढे कर्नाटक संपून केरळ लागेपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर तोच विषय होता. आमची गाडी महाराष्ट्राची बघून लोक विचारायचे, "शिरूरवरून आलात का? पाणी उतरलंय का?"

उडुपीत गोळीबजे (मैद्याची गोल भजी) आणि जेवण, रात्री कण्णूर. तिसऱ्या दिवशी तलश्शेरी-माहे बायपास मिळाला, यंदाच सुरू झालाय आणि छान आहे. पण बाकी ६६ नंबरच्या महामार्गाचं रुंदीकरण जागोजागी चालू होतं. त्यात कोचीनंतर अरूर ते तुरवूर उड्डाणपुलाचं काम, तिथे अक्षरशः पावलापावलाने गेलो. कण्णूर सोडल्यापासून आलप्पुळ्याला टेकायला साडेदहा तास लागले.

गाडी आलप्पुळ्यात लावली आणि जलवाहतूक विभागाच्या बोटीने कैनकरी गावाला गेलो. मुक्काम तिथेच एका घरी होता. पुढचं उद्या लिहिते, हात दुखायला लागले.

पाऊसवेडी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. शिरूरचं वाचून थांबले क्षणभर. आम्ही जूनमध्ये त्याच रस्त्याने गेलो होतो.

एक विचारायचं होतं. परदेशी पाहुण्यांचा तो फॉर्म फक्त हॉटेलांना लागतो की घरी उतरवलं तरी? नणंदेची फ्रेंच मैत्रीण जानेवारीत यायची आहे.

गाडीवान

@पाऊसवेडी, परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाने २४ तासांत ती माहिती ऑनलाइन द्यायची असते. होमस्टे, धर्मशाळा, घर, सगळे आले त्यात. घरगुती यजमानांनाही नोंदणी करता येते, अवघड नाही. पण आयत्या वेळी रात्री करायला जाऊ नका.

आणि पाहुणे गाडी चालवणार असतील तर त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा, विमा कंपनीलाही आधी विचारून ठेवा. खरं सांगायचं तर ६६ नंबरवर कामं चालू असेपर्यंत त्यांना चालवायला देऊच नये. वळवलेल्या रस्त्यांच्या पाट्या रात्री दिसत नाहीत. मी मार्चमध्ये मंगळूर ते त्रिशूर केलं, तेव्हा कासरगोडच्या पुढे दोनदा चुकीच्या बाजूला गेलो होतो.

पुढच्या वेळी पुण्याहून बंगळूर, सेलम, कोइम्बतूर, पालक्काड असं जाऊन बघा. अंतर वाढतं, पण रस्ता एकसंध मिळतो.

मुळाकाठ

हो, परत येताना आम्ही तोच रस्ता धरला. जलद आहे. पण समुद्र नाही!

कोचीतला मराठी

अकरा वर्षं इथे राहतोय, म्हणून थोडी भर घालतो. धागालेखिकेच्या पाहुण्याने विचारलेला प्रश्न अगदी नेमका आहे. इथे येणाऱ्या बहुतेकांना तो पडतच नाही.

चुंडन वळ्ळं बहुतेक करून गावाची असते. गावकरी भाग काढतात, वर्गणी करतात, समिती असते. होडीचं नाव तेच गावाचं किंवा वाडीचं: कारिच्चाल, पायिप्पाड, नडुभागम, वीयपुरम. लाकूड आंजिली नावाच्या झाडाचं, आपल्या फणसाच्याच कुळातलं. लांबी शंभर फुटांपासून पुढे, मागचं टोक वीसेक फूट वर उचललेलं. ते टोक नागाच्या फण्यासारखं दिसतं म्हणून इंग्रजांनी स्नेक बोट म्हटलं. मल्याळीत चुंडन म्हणजे चोच असलेली. होडीत चढताना चपला काढतात.

आता गंमत अशी की होडी एका गावाची आणि वल्हवणारा क्लब दुसऱ्या गावाचा, असं सर्रास असतं. पळ्ळात्तुरुत्ती बोट क्लबचं उदाहरण घ्या. २०१८ ला ते पायिप्पाड होडीत जिंकले, २०१९ ला नडुभागममध्ये. पुढची दोन वर्षं कोविडमुळे शर्यत नव्हती. २०२२ ला काट्टिल तेक्केतिल, २०२३ ला वीयपुरम आणि यंदा कारिच्चाल. सलग पाच विजय, पाच वेगळ्या होड्या. म्हणजे गेल्या वर्षी ज्या वीयपुरममध्ये बसून जिंकले, तिलाच यंदा हरवलं. मग जिंकलं कोण, होडी की क्लब? दोन्ही. मिरवणूक दोन्हीकडे निघते.

नेहरूंची गोष्टही बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. डिसेंबर १९५२ मध्ये ते कोट्टायमहून जलमार्गाने आलप्पुळ्याला आले, तेव्हा त्यांच्यासाठी ही शर्यत लावली होती. नडुभागम पहिली आली. नेहरू इतके रंगले की सुरक्षा बाजूला सारून त्या होडीत चढले आणि तिच्यातूनच धक्क्यापर्यंत गेले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी सर्पनौकेची चांदीची प्रतिकृती स्वतःच्या सहीनिशी पाठवली. आधी तिला पंतप्रधान चषक म्हणायचे, नेहरू ट्रॉफी हे नाव नंतर आलं. यंदाची सत्तरावी शर्यत होती.

सांगलवाडीचा

वाचतोय. आमच्याकडं कृष्णेत १५ ऑगस्टच्या सुमारास होड्यांच्या शर्यती असतात, किती जणांना माहीत आहे? सांगलवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, गावोगावच्या होड्या येतात. आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नसते. पाऊस झालेला असतो, नदीला फुगवटा असतो, गढूळ पाण्यात वल्हं मारायचं म्हणजे खांदे भरून येतात. माझे चुलते वल्हवायचे. शर्यतीच्या आधी महिनाभर पहाटे चारला नदीवर. घरात दूध-अंडी त्यांच्या वाटची वेगळी काढून ठेवायची आजी.

केरळची होडी शंभर माणसांची, आमची लहान. पण गाव काठावर उभं राहून ओरडतं ते सारखंच असणार. ताई, पाहुण्यांना पुढच्या ऑगस्टला सांगलीला आणा. राहायची सोय माझ्याकडं, आणि तो फॉर्म काय असेल तो आत्तापासून भरून ठेवतो.

मुळाकाठ

@सांगलवाडीचा, हॅम्बुर्गकराला वाचून दाखवलं. तो "यस" म्हणालाय, मी साक्षीदार.

आता पुढचं.

कैनकरीचं घर म्हणजे समोर कालवा, मागे शेत, आणि शेत कालव्यापेक्षा खाली. हे मला आधी उमगलंच नाही. ओट्यावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी आपल्या गुडघ्याच्या पातळीला आणि दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर दोन पुरुष खाली. हॅम्बुर्गकरीणबाई मात्र बोटीतून उतरल्या आणि बांधावर जाऊन उभ्याच राहिल्या. त्यांचं माहेर हॅम्बुर्गशेजारच्या आल्टेस लांडमधलं. एल्बे नदीकाठी बांध घालून मिळवलेली जमीन, त्यावर सफरचंदाच्या बागा. "आमच्याकडेही असंच," म्हणाल्या, "घराच्या खिडकीतून जहाज आपल्यापेक्षा उंच दिसतं." मग त्या आणि घरधनीण चेची (मल्याळीत ताई) अर्धा तास बांधाबद्दल बोलत होत्या, एक जर्मन वळणाच्या इंग्रजीत, दुसरी मल्याळी वळणाच्या. चेचींनी त्यांना पेट्टी आणि परा दाखवलं, पाणी उपसायचा जुन्या पद्धतीचा पंप. लाकडी पिंप, लाकडी पेटी, वरती मोटर. पेरणीआधी सगळं खाचर त्याने कोरडं करतात. २०१८ च्या पुरात ह्या घरात छताला हात लागेल इतकं पाणी होतं, त्याची रेघ भिंतीवर मुद्दाम तशीच ठेवली आहे.

चेचींचा भाचा वीयपुरम चुंडनमध्ये वल्हवत होता, कैनकरीच्याच व्हिलेज बोट क्लबकडून. तो शिबिरात असल्याने भेटला नाही. पण त्याच्याबद्दल ऐकूनच समजलं की शर्यत पुढे गेली तेव्हा ह्या लोकांचं काय झालं असेल. ऑगस्टसाठी तयारी पूर्ण झालेली, नोकरीतून रजा काढलेल्या, शिबिराचा खर्च झालेला. मग थांबा. मग पुन्हा सुरुवात. चेची म्हणाल्या, वायनाडसाठी थांबलो ह्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, पण पोरं सुकली.

शनिवारी सकाळी लवकर निघून आम्ही साडेदहालाच जागा धरली. दुपारच्या आधी बसून घ्या, नंतर शहरातले रस्ते बंद होतात. आधी लहान होड्यांच्या शर्यती होतात. त्यात वेप्पू हा प्रकार असतो; वेप्पू म्हणजे स्वयंपाक. पूर्वी मोठ्या होडीच्या मागून सैन्याचा शिधा आणि चूल घेऊन जाणारी ती होडी. बायकांच्या होड्यांची तेक्कनोडी म्हणून वेगळी शर्यत असते, ती चुकवू नका. केसात मोगरा, एकसारख्या साड्या, आणि दंडाचे स्नायू असे की नवरा म्हणाला, ह्यांच्याशी पंजा लढवायचा नाही.

दुपारी २ नंतर चुंडन. एकोणीस होड्या, पाच फेऱ्या, आणि ज्या चार होड्यांची वेळ सगळ्यांत कमी त्या अंतिम फेरीत. पहिली फेरी सुरू झाली आणि आधी काही दिसलंच नाही. दूरवर पाण्याचा पांढरा धूर आणि त्यात काळी रेघ. मग आवाज आला. होडीच्या मध्यावर काही जण उभे असतात, ते हातातल्या जाड लाकडी दांड्याने फळीवर ठोका देतात. त्या ठोक्यावर अख्खी होडी वल्हवते. तो ठोका कानाला नाही, आमच्या बाकाच्या लाकडातून मांडीला लागत होता. धप. धप. धप. होडी समोर आली तसा तो जलद झाला आणि गॅलरीतली माणसं त्याच लयीत पाय आपटायला लागली.

हॅम्बुर्गकर इथे उठून उभा राहिला तो शेवटपर्यंत बसला नाही. मध्येमध्ये माझ्या कानात ओरडून सांगत होता. त्याच्या बोटीत वल्हं कडेच्या लोखंडी आधारात अडकवलेलं असतं, माणूस पाठमोरा बसतो, शेवटची रेघ त्याला दिसतच नाही. सुकाणूवाला सांगेल ते ऐकायचं. इथे वल्हं नुसतं हातात, कसलाही आधार नाही, जोर सगळा खांद्यातून आणि कमरेतून. आणि तोंड पुढे! "ह्यांना दिसतंय कुठे जायचं ते. आणि तरी कुणी मान वर करत नाही," तो म्हणाला. मी तेवढ्यासाठी पुढची फेरी बघितली. खरंच, एकाचीही मान वर नव्हती. प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पाठीवर.

अंतिम फेरीत कारिच्चाल, वीयपुरम, नडुभागम, निरणम. मला आता सलग काही आठवत नाही. शेवटच्या टप्प्यात कारिच्चाल आणि वीयपुरम एकमेकींच्या इतक्या बरोबरीने होत्या की मधलं पाणीच दिसत नव्हतं. दोन्ही एकदम गेल्या. आमच्या डावीकडचे लोक नाचायला लागले, उजवीकडचेही. मग हळूहळू दोन्ही बाजू थांबल्या, कारण कुणालाच माहीत नव्हतं. हजारो माणसं पडद्याकडे बघत उभी आणि पाण्यावर फक्त रिकामी लाट किनाऱ्याला लागत होती.

कारिच्चाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंद. वीयपुरम ४ मिनिटं २९.७९० सेकंद.

पाच सहस्रांश सेकंद.

निकालावर वीयपुरमच्या बाजूने हरकत घेतली गेली. निकाल बदलला नाही.

आम्ही अंधार पडल्यावर कैनकरीला पोचलो. संपूर्ण कालव्याकाठी दिवे होते पण बोलणं नव्हतं. चेचींनी जेवायला वाढलं, कप्पा (टॅपिओकाचा कंद) आणि लाल मिरचीतलं मासळीचं कालवण, स्वतः जेवल्या नाहीत. हॅम्बुर्गकराने मघाशीच गणित केलं होतं. होडी सेकंदाला चार-पाच मीटर जाते, म्हणजे पाच सहस्रांशात दोन-अडीच सेंटिमीटर. त्याने ते सांगितलं मात्र, चेचींनी टेबलाच्या कडेवर दोन बोटं आडवी ठेवली. "एवढं?" तो मान हलवून हो म्हणाला. त्या बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत बसल्या.

भाचा सकाळी आला. बावीस-तेवीस वर्षांचा, आवाज पूर्ण बसलेला. चहा घेताना हॅम्बुर्गकराने स्वतःचा तळवा उघडून समोर ठेवला. बोटांच्या मुळाशी चार जुने घट्टे, वीस वर्षांनीही गेलेले नाहीत. मुलाने आपले दोन्ही तळवे त्याच्या शेजारी ठेवले. खालचा हात तसाच, बोटांच्या मुळाशी. पण वरच्या हाताचा घट्टा तळव्याच्या मध्यभागी होता, रुपयाएवढा, मध्ये फाटून ओला झालेला, कारण त्या हाताने वल्ह्याचा माथा दाबतात. हॅम्बुर्गकर जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. बायकोने ते मला सांगितलं: "हे मी कधी केलेलं नाही."

मग मी तो जुना प्रश्न विचारला, बोट कोणाची. मुलगा बसलेल्या आवाजात म्हणाला, "होडी वीयपुरमची. पण आम्ही हरलो तेव्हा तिकडच्या बायका आम्हाला जेवायला थांबवत होत्या. आम्हाला तोंड दाखवायला लाज वाटली, म्हणून निघून आलो."

पाऊसवेडी

डोळे भरून आले. तिकिटांचं काय केलंत ते पण सांगा ना.

मुळाकाठ

ऑनलाइन काढली. शे-दोनशेपासून काही हजारांपर्यंत असतात. आम्ही मधली घेतली, बरोबर पाहुणे होते म्हणून. पण शेवटची रेघ जिथून दिसते तिथलीच घ्या, नाहीतर नुसता मधला वेग दिसतो. पाणी, टोपी आणि छत्री तिन्ही न्या. ऊन आणि पाऊस तासातासाने बदलत होते.

तिसरा किनारा

लेख छान आहे, पण एक वेगळं मत मांडतो. मी दोनदा गेलोय. आता ह्यात गाव किती उरलंय? क्लब पैसे देऊन बाहेरून वल्हेकरी आणतात, लष्करातले, इतर राज्यांतले. प्रायोजकांचे फलक, टीव्ही, परदेशी लोकांसाठी महागडी गॅलरी. पाहुण्यांना "आपली परंपरा" म्हणून दाखवताना हेही दाखवायला हवं.

कोचीतला मराठी

@तिसरा किनारा, तुमचा मुद्दा इथेही दरवर्षी वादाचा असतो, म्हणूनच बाहेरच्या वल्हेकऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. पैशाचं म्हणाल तर चुंडन बांधायला आणि सांभाळायला प्रचंड खर्च येतो. आंजिलीचं एवढं मोठं झाड आता सहज मिळत नाही. प्रायोजक नसते तर अर्ध्या होड्या शेडमध्येच कुजल्या असत्या. मला स्वतःला शर्यतीपेक्षा तिच्या आधीचा महिना आवडतो. संध्याकाळी सरावाची होडी निघते, शाळेतली पोरं काठाने धावतात, म्हातारे वेळ लावतात. त्याला तिकीट नाही आणि तिथे प्रायोजकही नसतो.

मुळाकाठ

@तिसरा किनारा, गॅलरीतून मलाही तसंच वाटलं असतं. आम्ही हॉटेलात उतरलो असतो तर मी बहुतेक तुमच्यासारखंच लिहिलं असतं. चेचींची दोन बोटं पाहिल्यावर मला तसं लिहिता येत नाही. भाच्याला किती पैसे मिळाले, मिळाले का, मी विचारलं नाही. पण पैशासाठी वल्हवणाऱ्याला जेवायला थांबायची लाज वाटत नाही.

म्हणून जाणाऱ्यांना एकच आग्रह करते: किमान दोन दिवस आधी पोचा आणि कुट्टनाडातल्या, म्हणजे कैनकरीच्या ह्या पाणथळ भागातल्या, एखाद्या गावात राहा. सराव बघा, शेडमधली होडी बघा. शर्यतीच्या दिवशी मग कुणासाठी ओरडायचं ते आपोआप कळतं.

सांगलवाडीचा

बरोबर. आमच्याकडंही हरलेली होडी नदीतून वर काढताना जास्त हात लागतात.

मुळाकाठ

धागा वर काढतेय, कारण आज ३० ऑगस्ट २०२५.

आज वीयपुरम जिंकली. कैनकरीचाच व्हिलेज बोट क्लब, वेळ ४ मिनिटं २१.०८४ सेकंद. पळ्ळात्तुरुत्ती यंदा मेल्पाडममध्ये होते, ते तिसरे आले. आम्ही घरून बघत होतो, हॅम्बुर्गकर हॅम्बुर्गहून, फोन चालू ठेवून. होडी रेघेपलीकडे गेली तेव्हा त्याच्या बाजूने फक्त टेबलावर हात आपटल्याचा आवाज येत होता. धप, धप, धप.

रात्री साडेनऊला चेचींचा फोन आला. मागे इतका गोंगाट की काही ऐकू येईना. मी विचारलं, भाचा कुठाय? त्यांनी तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा कळलं: "वीयपुरमला! जेवायला थांबलाय!"